जावयानं मढवलेलं घर

दाजींचा टेम्पो दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मी ओट्यावर गहू निवडत बसले होते. टेम्पोत थर्माकोलचे पांढरे तक्ते दोरीनं आवळून बांधले होते आणि त्यांच्याखाली प्लायवूडच्या फळ्या होत्या. दाजी उतरले, रुमालानं तोंड पुसलं आणि हसत म्हणाले, "वयनी, मामांची थंडी आजपासून गेली म्हणून समजा."

दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. मंचरला त्यांचं दुकान होतं. कोंबड्यांच्या शेडला लागणारं सामान ते विकायचे, आणि त्या दिवसांत पोल्ट्रीवाल्यांना थर्माकोल बसवून देण्याचं कामही त्यांनी सुरू केलं होतं. पुढं ते घरांनाही बसवायला लागले. बाहेरून सिमेंटचा गिलावा, आतून थर्माकोल, त्यावर प्लायवूड आणि प्लायवूडवर चकचकीत रंग. उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात ऊब, असं ते सगळ्यांना सांगायचे.

आमचं घर जुन्नरच्या कडेला होतं. दगड-मातीच्या भिंती, इतक्या जाड की खिडकीत मांडी घालून बसता यायचं. वर पत्रा. दरवर्षी दिवाळीच्या आधी मी भिंतींचे पोपडे खरवडून पांढऱ्या मातीनं लिंपायची आणि वरून चुना द्यायची. पावसाळ्यात भिंतीचा खालचा भाग जरा काळपट दिसायचा, दसऱ्यापर्यंत आपोआप उजळायचा. त्यात काही विशेष आहे असं कधी कुणाला वाटलं नव्हतं.

घरात आम्ही तिघं. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. त्यांना दमा होता, आणि जुन्नरची थंडी त्यांना सोसायची नाही. पौषात तर पहाटे त्यांचा श्वास भात्यासारखा वाजायचा. सासूबाई माझ्या लग्नाच्या खूप आधी गेल्या होत्या. ह्यांना, म्हणजे माझ्या मालकांना, वाढवलं ते त्यांच्या मोठ्या बहिणीनं. तिला मी वन्सं म्हणायची. ह्यांचं स्टँडजवळ मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. माणूस कष्टाळू. पण बहिणीचं नाव निघालं की ह्यांचा आवाज बदलायचा, आणि बहिणीच्या मालकाचा शब्द म्हणजे आमच्या घरात शेवटचा शब्द.

मलाही दाजी परके नव्हते. मी आळे गावची. मला बघायला आधी तेच आले होते. माझे वडील लग्नाला का-कू करत होते, मुलाचं दुकान भाड्याचं म्हणून. तेव्हा दाजी ओसरीत वडिलांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "पोरीला तिथं काय कमी पडलं तर मला धरा. त्या पोराला नगा धरू, मला धरा." वडील तेवढ्यावर विरघळले. लग्नानंतरही दाजी आले की माझ्यासाठी वेगळा खाऊ आणायचे. सासरी आपल्या बाजूचं एक माणूस आहे, असं मला वाटायचं, आणि ते माणूस म्हणजे दाजी.

त्यामुळं टेम्पो आला तेव्हा मला आनंदच झाला. दाजींनी एक पैसा घ्यायला नकार दिला. "सासऱ्याच्या घराचं काम आणि पैसं? लोक तोंडात शेण घालतील माझ्या," असं म्हणाले. बाहेरच्या भिंती त्यांच्या माणसांनी सिमेंटनं गुळगुळीत केल्या. आत भिंतीला लाकडी पट्ट्या ठोकल्या, प्लास्टिकचा कागद लावला, थर्माकोल बसवला, वर फळ्या मारल्या. बाहेरची खोली झाली, मामांची खोली झाली, आमची झाली. स्वयंपाकघराशी येईपर्यंत माल संपला. "पुढच्या खेपेला," असं म्हणून दाजी गेले, आणि ती पुढची खेप काही आली नाही.

रंग सायीसारखा होता. घर एकदम शहरातलं वाटायला लागलं. त्या हिवाळ्यात मामा खरंच बरे राहिले. भिंतीकडं पाठ करून झोपायचे आणि सकाळी उठल्यावर म्हणायचे, "लई ऊब हाय बघ. जावयानं घर मढवून दिलं." वन्सं आल्या की भिंतींवरून हात फिरवायच्या. दाजी गिऱ्हाइकांना घर दाखवायला आणायला लागले. आज नारायणगावचं कुणी, उद्या येडगावचं एक जोडपं. मी चहा टाकायची. दाजी म्हणायचे, "इचारा आमच्या वयनींना, त्या खोटं बोलायच्या न्हाईत." मी सांगायची की थंडी अजिबात जाणवत नाही. तेव्हा ते खरंच होतं.

पाऊस लागला आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घरात वास यायला लागला. ओलं पोतं कोपऱ्यात राहून गेलं की येतो तसा. मी पोती बाहेर काढली, गाद्या झटकल्या, पेट्यांखाली पुसून घेतलं. वास जाईना. मग मामांच्या खाटेमागं, पश्चिमेच्या भिंतीवर, फळीच्या खालच्या कडेला काळे ठिपके दिसले. फडक्यानं पुसले तर गेले, चार दिवसांनी पुन्हा आले, आणि आधीपेक्षा वर चढले. फळ्यांचे सांधे फुगले. मामांचा खोकला सुरू झाला. पावसाळ्यात त्यांना एरवी त्रास नसायचा. त्यांचा दमा थंडीचा. पण आता भर आषाढात ते खाटेवर उठून बसायचे आणि गुडघ्यांवर हात टेकून श्वास घ्यायचे.

ह्यांनी मंचरला फोन लावला. दाजी आले. त्यांनी फळीवर बोटानं टकटक केलं, नाकानं हुंगलं, आणि मग माझ्याकडं वळून विचारलं, "वयनी, कपडं कुठं वाळवता?"

"पावसात कुठं वाळवणार? बाहेरच्या खोलीत दोरीवर."

"आणि आंघोळीचं पाणी?"

"बंबात. मागल्या दाराशी."

दाजींनी ह्यांच्याकडं बघून मान हलवली. "बघ. ही सगळी वाफ हाय. घर आता बंद डब्यागत झालंय, त्यात वाफ कोंडती नि भितीवर बसती. मालाचा दोष न्हाई. वापरायची रीत पायजे." मग माझ्याकडं बघून, अगदी मायेनं, म्हणाले, "तुमाला काय म्हाईत, वयनी. खेड्यातल्या घराची सवय. शिकाल हळूहळू."

त्या दिवसापासून घराच्या ओलीला मी जबाबदार झाले.

बंब मागच्या पडवीत गेला. पडवीला आडोसा नव्हता. पाऊस तिरका आला की मी एका हातानं छत्री धरून दुसऱ्या हातानं लाकडं सारायची. ओले कपडे पडवीतच लटकायचे आणि कधीच वाळायचे नाहीत. ह्यांची बनियनं आंबूस वास मारायची आणि त्यावरूनही मीच बोलणी खायची. दुपारभर खिडक्या उघड्या टाकायच्या, मग पाऊस आत येतो म्हणून धावत बंद करायच्या. इतकं करून डाग वाढतच होते. संध्याकाळी दुकानातून आले की हे चपला काढायच्या आधी मामांच्या खोलीत डोकावायचे आणि विचारायचे, "आज काय उकळलंस आत?"

एकदा मी म्हटलं, "अहो, स्वयंपाकघरात तर दिवसभर भात, डाळ, चहा, सगळं उकळतंय. तिथल्या भिंती बघा ना. त्या तर चांगल्या आहेत."

तसंच होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीला आतून काही मढवलेलं नव्हतं. दरवर्षीसारखीच ती खालून जरा काळपट झालेली, बाकी ठणठणीत. एक डाग नाही, वास नाही.

ह्यांनी पाहिलं. नक्की पाहिलं. मग म्हणाले, "तिथं चुलीची ऊब असती. दाजी चार जिल्हे फिरलेत. तू त्यांना शिकवणार काय?"

मामा खाटेवर बसून ऐकत होते. 

हिवाळा आला, वास जरा बसला, डागांवर ह्यांनी रंग मारला. दाजींनी गिऱ्हाईकं आणणं थांबवलं नाही. फक्त मामांच्या खोलीचं दार आधी ओढून घ्यायचे. येडगावचं ते जोडपं पुन्हा एकदा येऊन गेलं, त्यांनीही काम करून घ्यायचं ठरवलं. मी चहा दिला. बाईंनी मला विचारलं, "कसं हाय मग?" मी तोंड उघडायच्या आत दाजीच म्हणाले, "झ्याक हाय. पावसाळा झाल्यावर तुमचं करू."

दुसरा पावसाळा पहिल्याहून वाईट गेला. मामा रात्रीचे झोपेनात. फळीच्या फटीतून बुरशीची पांढरी नक्षी बाहेर यायला लागली.

मी तेव्हा बालवाडीत शिकवत होते. गणपती होऊन गेल्यावर घोडेगावला आम्हा बालवाडीच्या बायकांचं प्रशिक्षण होतं. तिथं माझ्या शेजारी घोडेगावचीच एक बाई बसायची. बोलकी, हसरी, माझ्याच वयाची. दुपारी तिनं मला जेवायला घरी नेलं. बाजाराच्या मागं तिचं घर, आमच्यासारखंच जुनं, दगड-मातीचं. आत गेले आणि भिंतीकडं बघून जागीच थांबले. भिंतीला ओळीनं भोकं होती, पट्ट्या ठोकल्याची आणि उपटल्याची. त्यावर नवी माती लिंपलेली होती, पण भोकं कुठं कुठं उघडी राहिली होती. पट्ट्यांमधलं ते अंतर मला पाठ होतं. आमच्या घरी मी तशाच पट्ट्या मारताना बघितल्या होत्या.

"इथं काय लावलं होतं?" मी विचारलं.

"नका इचारू," ती ताट वाढता वाढता म्हणाली. "थर्माकोल नि फळ्या. मंचरचं एक जण हाय, त्यानं बसवलं व्हतं. पहिल्याच पावसात सगळी भित नासली. माझ्या दिराचा आवाज मोठा. तो मंचरला दुकानात जाऊन गिऱ्हाईकांच्या पुढं वरडला. मग काय, दुसऱ्या दिशी त्यो दुकानवाला आला पळत. सगळं सोताच उखाडलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, दगड-मातीच्या भितीला ह्ये चालतच न्हाई. भित खालनं पाणी वढती, तिला दोन्ही अंगानं कोंडलं की जाणार कुठं पाणी? पोल्ट्रीच्या इटांच्या भितीवर चालतं म्हणून घराला बी चालंल, असं वाटलं म्हणाला. हात जोडले आन् म्हणाला, कुणाला सांगू नका, माझा धंदा बसंल."

"हे कधी झालं?"

तिनं आठवलं. "माझी धाकटी तवा रांगत व्हती. म्हंजी गेल्या सालची न्हाई, त्याच्या आदल्या दिवाळीच्या आदी."

आमच्या दारात टेम्पो आला तो त्या दिवाळीच्या नंतर.

"आणि तो माल? फळ्या?"

"घेऊन गेला की. धुऊन-पुसून टेम्पोत भरल्या. म्हणाला, वापरात येतील."

मी जेवले की नाही आठवत नाही. प्रशिक्षणाला परत गेले नाही. मिळाली ती एसटी धरली. मंचरवरून जाताना दाजींचं दुकान खिडकीतून दिसलं. ते बाहेर खुर्ची टाकून कुणाशी तरी हसत बोलत होते.

घरी आले तेव्हा हे दुकानात होते. मी मामांची खाट ओढून बाजूला केली, पहार आणली आणि पश्चिमेच्या भिंतीवरच्या खालच्या फळीत खुपसली. मामा म्हणाले, "काय करतीस, बाई?" फळी कडकड करत सुटली. मागचा थर्माकोल काळाठिक्कर पडला होता. प्लास्टिकच्या कागदाच्या आत पाण्याचे थेंब ओघळत होते आणि कागद सुटल्यावर पाणी माझ्या पायांवर आलं. भिंतीत हात घातला तर माती लोण्यासारखी बोटांना लागली. दगड हलत होते. ज्या पट्ट्यांवर हे सगळं ठोकलं होतं, त्या बोटानं चुरडता येत होत्या.

मग मी फळी उजेडात धरली. तिला खिळ्यांच्या भोकांच्या दोन ओळी होत्या. एक आमच्या घरच्या खिळ्यांची. दुसरी जुनी, लांबी म्हणजे पुट्टी भरून बुजवलेली, वर रंग दिलेली. दुसऱ्या फळीलाही तसंच. तिसरीलाही.

कुणाच्या तरी घरातली सडलेली ओल त्यांनी धुऊन आमच्याकडं आणून ठोकली होती, आणि दोन पावसाळे मी छत्री धरून बंब पेटवत होते.

मामा खाटेवरून माझ्याकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला आश्चर्य दिसेल असं वाटलं होतं. ते नव्हतं.

"मामा," मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

ते म्हणाले, "त्यानं आदी कुणाच्या घरी लावलं ते न्हाई म्हाईत. पर भित ओली हाय ते ठावं व्हतं. पैल्याच पावसात फटीत बोट घातलं व्हतं मी. आदी तुज्या सासूनं आन् मी, मग मी एकल्यानं, चाळीस वर्सं ह्या भिती लिपल्या. वाफंचं पानी नि भितीचं पानी मला कळत न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाहीत? हे मला रोज बोलत होते. तुमच्यासमोर बोलत होते."

"जावई माणूस," मामा म्हणाले. "त्याला कसं तोंड वर करून बोलायचं? त्यो रागावला तर पोरीचं येनं बंद. तू काय..." ते खोकले. खोकला थांबल्यावर त्यांनी वाक्य पुरं केलं. "तू घरचीच. तू कुटं जानार व्हतीस?"

हे वाक्य त्यांनी वाईट मनानं म्हटलं नव्हतं. उलट, मी घरची आहे हे सांगताना त्यांच्या आवाजात माया होती. पण दाजींच्या लबाडीनं माझं जेवढं दुखलं, त्याहून जास्त ह्या मायेनं दुखलं. दाजींनी फसवलं ते एकदा. मामा दोन वर्षं रोज समोर बसून ऐकत होते.

संध्याकाळी हे आले. उखडलेली भिंत बघितली, फळ्या बघितल्या, मी घोडेगावचं सगळं सांगितलं. मी एकेक भोक बोटानं दाखवलं. हे खाली बसले. मला वाटलं, आता म्हणतील. काय म्हणतील ते मला नेमकं माहीत नव्हतं, पण काहीतरी माझ्यासाठी असलेलं म्हणतील.

हे म्हणाले, "हे ताईला कळता कामा नये."

"का?"

"तिचा संसार आहे."

"आणि येडगावची ती माणसं? दिवाळीनंतर दाजी त्यांचं काम करणार आहेत. त्यांच्याकडं म्हातारी बाई आहे घरात."

"ते त्यांचं बघतील. तू मध्ये पडायचं नाही. घरातली गोष्ट घराबाहेर गेली तर तुझ्याइतकी वाईट कुणी नाही."

मी दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी बालवाडी सुटल्यावर थर्माकोलचा एक काळा तुकडा पिशवीत घातला आणि नारायणगावला उतरून येडगावची गाडी धरली. घर शोधायला वेळ लागला नाही. बाहेरच्या गिलाव्यासाठी वाळू येऊन पडलेली होती. त्या बाईंनी मला ओळखलं, पाणी दिलं. मी सांगायला लागले तसा त्यांचा चेहरा बदलत गेला.

"अवं, तुमीच तर म्हनला व्हता, लई ऊबदार हाय म्हनून," त्या म्हणाल्या.

"पहिल्या थंडीत होतं. म्हणून म्हटलं होतं."

"मग आज काय झालं? पावण्यांचं नि तुमचं वाजलं का काय?"

मी पिशवीतून तो तुकडा काढला आणि त्यांच्या पायरीवर ठेवला. त्यांनी उचलला, हुंगला आणि लगेच खाली टाकला. आतून त्यांची सासू बाहेर आली, तिनं तुकडा पायानं उलटा केला आणि म्हणाली, "ह्ये आपल्या घरात नगं." ती आत निघून गेली. सुनेनं मला चहा विचारला नाही. मी शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी धरून परत आले. त्यांना मी वाचवलं असेन, पण त्यांच्या लेखी मी घरचं उणंदुणं काढणारी बाई होते, हे त्यांच्या नजरेत मला दिसलं.

भाऊबीजेला वन्सं आणि दाजी आले. दाजी ओट्यावरच म्हणाले, "येडगावचं काम गेलं. कुणी आग लावली ते मला कळलंय." वन्सं आत जाऊन ओवाळणीचं ताट करत होत्या. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी येडगावला गेले होते हे त्यांना तेव्हाच कळलं.

मी दाजींना म्हटलं, "आत या." मामांच्या खोलीत त्यांना नेलं. फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. मी काही समजावत बसले नाही. फक्त म्हटलं, "ह्या घोडेगावच्या ना?"

दाजींनी एकदा फळ्यांकडं आणि एकदा भिंतीकडं बघितलं. आधी हसायचा प्रयत्न केला. मग हसणं गेलं. म्हणाले, "घोडेगावला पाऊस जास्त. मला वाटलं, तुमच्याकडं कमी पडतो, जमून जाईल."

"आणि जमलं नाही हे पहिल्याच पावसात बघितलं, तेव्हा? तेव्हा माझं नाव का घेतलं?"

ते चिडले. "मग काय करायचं व्हतं? बाहेरचं गिऱ्हाईक बोंब मारतं, त्याचं आदी निस्तरावं लागतं. घरचं माणूस सांभाळून घेतं. मी काय परक्याच्या घरात लावलं का? आपलंच घर म्हणून लावलं."

"माझ्या वडिलांना तुम्ही सांगितलं होतं, पोरीला काही झालं तर मला धरा. मी आज तुम्हाला धरते आहे."

वन्सं दारात येऊन उभ्या होत्या. हातात ताट, ताटात निरांजन लावलेलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं की शेवटचं तेवढंच, मला माहीत नाही. त्या आपल्या भावाकडं वळल्या. "तुझी बायको माझ्या मालकाला बोलती, सणाच्या दिवशी. तू काय म्हणतोस?"

सगळे ह्यांच्याकडं बघायला लागलो. मामा खाटेवर, दाजी भिंतीशी, वन्सं दारात, मी मध्ये. ह्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "दाजी, जेवून घ्या आधी. पानं वाढलीत."

वन्संनी ताट खाली ठेवलं. निरांजन जळतच होतं. पिशवी उचलली आणि त्या बाहेर पडल्या. दाजी मागून गेले. वाढलेली पानं मी गाईला घातली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी हे दुकानात गेले नाहीत. माझ्याशी एक शब्द न बोलता त्यांनी सगळ्या खोल्यांच्या फळ्या उखडल्या, कागद फाडला, सगळं मागच्या बाजूला नेऊन टाकलं. मग छिन्नी घेऊन बाहेरचं सिमेंट फोडायला लागले. ते काम सोपं नव्हतं. सिमेंटनं दगडाला धरून ठेवलं होतं आणि आत मातीत काही दम राहिला नव्हता. पश्चिमेची भिंत तर एका बाजूनं बसलीच. दगडांचा ढीग अंगणात आला. सुदैवानं तेव्हा तिथं कुणी नव्हतं. गवंडी बोलावून ती बाजू पुन्हा रचावी लागली, मातीत आणि चुन्यात, पहिल्यासारखी. बाकीच्या भिंती पुरत्या वाळायला दोन उन्हाळे गेले. मामांची खाट आम्ही स्वयंपाकघरात आणली आणि तिथं त्यांचा श्वास थोडा मोकळा झाला, पण पहिल्यासारखा नाही. पुढं चारेक वर्षांनी ते गेले. डॉक्टर म्हणाले, दमा जुनाच होता. असेल. ते दोन पावसाळे त्यांच्या छातीत किती गेले, हे मी कुणाला विचारणार, आणि विचारून कुणाच्या माथी मारणार?

आजारपणात मामा माझ्याच हातचं खायचे. ह्यांनी भरवलं तर तोंड फिरवायचे. एकदा मी त्यांची उशी सारखी करत असताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. त्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावू शकले असते. लावला नाही.

त्या भाऊबीजेनंतर वन्सं थेट मामांच्या अंत्ययात्रेला आल्या, त्यानंतर येणं-जाणं पुन्हा सुरू झालं. दहाव्याला आम्ही दोघी भांडी घासत होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "तवा तू गप राहिली असतीस तर एवढी वर्सं गेली नसती. बापाला बघायला मिळालं असतं मला."

मी म्हटलं, "वन्सं, गप्प राहायला मी नको होते. बाकी सगळे राहिले होते तेवढं पुरे होतं."

त्यांनी कढई राखेनं घासायला घेतली आणि ती लख्ख झाली तरी घासत राहिल्या.

दाजींनी पुढं ते दुकान बंद केलं आणि शेतीची औषधं विकायला घेतली. आता ते आले की मी चहा करते, ताट वाढते, दाजीच म्हणते. त्यांच्याशी बोलताना मला काही होत नाही. त्यांनी काय केलं हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे.

मागे आळ्याला माझ्या चुलत भावाकडं आम्ही जेवायला गेलो होतो. त्याचंही घर जुनं, दगडाचं. भिंतीला आतून शीट मारून घ्यायचा त्याचा विचार चालला होता, एक माणूस येऊन मापंही घेऊन गेला होता. हे जेवता जेवता म्हणाले, "भाऊ, असलं काही करू नका. आमच्याकडं केलं होतं. भिंत आतून कुजली. मला पहिल्याच पावसात शंका आली होती, स्वयंपाकघराची भिंत कोरडी नि बाकीच्या ओल्या, तेव्हाच मी ओळखलं. मग मीच सगळं उखडून टाकलं."

भाऊ ह्यांच्याकडं बघून म्हणाला, "लई हुशार हायेत राव आमचे दाजी."

मी आमटीचं पातेलं घेऊन उभी होते. ह्यांच्या ताटाशी आले, वाकून वाढलं. ह्यांनी ताटावर आडवा हात धरला आणि भावाशी बोलतच राहिले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.